गियरकडची सीट

नाशिकच्या दिंडोरी नाक्यावरून सुरगाण्याला जाणाऱ्या जीपमध्ये एक सीट अशी असते, की तिच्यावर शहाणा माणूस आपणहून बसत नाही. पुढची, मधली. एका अंगाला खिडकीवाला, दुसऱ्या अंगाला ड्रायव्हर आणि गुडघ्यांच्या मध्ये गियरचा दांडा. दर वळणाला ड्रायव्हर म्हणणार, "जरा पाय घ्या." घेऊन घेऊन माणूस घेणार तरी कुठे?

धम्मपाल पगारे पहिल्यांदा तिथे बसला तो निव्वळ उशीर झाला म्हणून. सुरगाण्याच्या पंचायत समितीत क्लार्कची नवी नोकरी. सोमवारी पहाटे नाशिकच्या उपनगर भागातल्या घरून निघायचं, आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं आणि शुक्रवारी परत. त्या सोमवारी आईचा डबा सांभाळत तो धावत आला, तर जीपमध्ये तेवढी एकच जागा उरलेली.

"सर, जरा पाय," ड्रायव्हर म्हणाला.

"घेतला."

"आजून जरा."

"आता काढून मागच्या सीटवर ठेवू का?"

ड्रायव्हर हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली... आणि खरं सांगायचं तर, वणीपुढचा घाट यायच्या आधीच धम्मपालची गाडी घसरली.

ड्रायव्हरचं नाव चंदर. सुरगाण्याजवळच्या पाड्यावरचा. त्याचा नियम एकच — चौदा माणसं भरल्याशिवाय जीप हलणार नाही. कलेक्टर येऊन बसला तरी नाही.

पुढच्या सोमवारपासून धम्मपालला दर वेळी उशीर होऊ लागला. बरोबर एवढा, की खिडकीची जागा भरलेली असावी आणि गियरकडची तेवढी उरावी. आता हा उशीर कुठून यायचा ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीला ठाऊक. तिच्यामागे उभं राहून तो जीप भरायची वाट बघायचा. प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं, आपण दिसत नाही. मांजराचं दूध पिणं आणि काय.

"आज पण उशीर?" चंदर विचारायचा.

"बस चुकली."

"बस लय चुकते तुमची."

मागच्या सीटवर चतुराबाई असायच्या. भाजीची टोपली मांडीवर, नजर पुढे. त्या काही बोलायच्या नाहीत, पण खोकायच्या.

वाटेत वणीला काही माणसं उतरत, आणि नवी मिळेपर्यंत जीप पुन्हा थांबे. त्या वेळात धम्मपाल मोबाईलवर गोष्ट लिहायचा. एका ॲपवर, खोट्या नावाने, हप्त्याहप्त्याने. जादूच्या नदीवरचा एक नावाडी आणि त्याच्या प्रेमात पडलेला राजपुत्र. कॉलेजपासून तो असल्या गोष्टी लिहीत होता, पण घरी-दारी कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

एकदा मान वर केली तर चंदर खांद्यावरून वाचत होता. आता हा हसणार, चारचौघांत सांगणार, आणि सुरगाण्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही...

"दोघंबी बाप्येच हायत?" चंदरने हळूच विचारलं.

"हो."

चंदरने ओळ परत वाचली. "बरं. मग पुढं?"

एवढंच. बरं, मग पुढं? पंचवीस वर्षांच्या आयुष्यात धम्मपालला इतकं सुख दुसऱ्या कुठल्या तीन शब्दांनी दिलं नव्हतं. त्या रात्री खोलीवर तो एकटाच भात कालवत बसला आणि डोळे पुसत राहिला.

मग वणीला दर सोमवारी वाचन सुरू झालं.

"तुमचा नावाडी नाव भरल्याबिगर सोडत नाय."

"नियम आहे त्याचा."

"आन् राजपुत्राला घाई नसती?"

"नसते. नावाडी बघण्यासारखा आहे."

"असं?" चंदर काच पुसायला लागला. काच आधीच स्वच्छ होती. "खळी पडती म्हनं त्याला."

"डाव्या गालाला," धम्मपाल म्हणाला, आणि कानापर्यंत तापला.

यापुढे मात्र गाडी सरकेना. धम्मपालला वाटे, बोलावं. मग वाटे, हा नुसता गोष्टीचा नादी असला तर? आहे तेही हातचं जाईल. असं करता करता दीड वर्ष गेलं. या दीड वर्षात चंदरच्या आईने, भागीबाईंनी, कितीदा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी पाठवल्या. धम्मपाल तापाने फणफणला तेव्हा चंदर खोलीवर दोन दिवस उशाशी बसून होता. गोष्ट शेवटाला आली, फक्त शेवट लिहून होईना.

आणि बदलीचा हुकूम आला. नाशिकला, जिल्हा परिषदेत. अर्ज त्यानेच केला होता, नोकरीला लागल्या-लागल्या, कंटाळून. आईने खीर केली. धम्मपालला ती कडू लागली.

शेवटच्या सोमवारी, चार्ज द्यायला निघाला तेव्हा तो टपरीमागे थांबलाच नाही. नाक्यावर पोचला तर जीप सगळी रिकामी.

"आज बस मिळाली वाटतं," चंदर म्हणाला.

"चंदर, माझी बदली झाली. नाशिकला. आजचं जाणं शेवटचं."

चंदरच्या हातातलं फडकं थांबलं.

"मला तुझे आभार मानायचे होते," धम्मपाल भराभरा म्हणाला, कारण हळू बोलला असता तर रडला असता. "त्या गावात मी कुणाचा कोण होतो? तू भाकरी आणलीस, उशाशी बसलास. आणि माझं लिहिलेलं वाचून हसला नाहीस. हे मी जन्मभर—"

"आभार शेवटी मानत्यात सर," चंदर म्हणाला. "कार्यक्रम संपल्यावर. संपला का?"

धम्मपालने नुसती मान हलवली. नाही.

"मग?"

"मग... राजपुत्राचं नावाड्यावर प्रेम आहे. नदीबिदी काही नाही. माझं तुझ्यावर आहे."

तेवढ्यात टोपली घेऊन चतुराबाई आल्या, मागून तीन-चार माणसं. चंदर दारात आडवा झाला.

"मावशी, गाडी आज भरली."

चतुराबाईंनी रिकाम्या जीपकडे बघितलं. मग धम्मपालकडे, मग चंदरकडे.

"भरली हाय खरी," त्या म्हणाल्या आणि बाकीच्यांकडे वळल्या. "चला रे, पुंजाच्या गाडीनं जाऊ. नुसतं उभं राहू नका." जाता जाता धम्मपालच्या हातात दोन पेरू ठेवले.

चंदरने दार उघडलं. "खिडकी मोकळी हाय. मागं पाय पसरून बसलात तरी चालंल. दीड वर्ष त्या टपरीमागनं तुमचे बूट दिसायचे मला... आज लपायचं कारण नाय."

धम्मपाल चढला. खिडकीची सीट ओलांडून सरकला आणि गियरच्या दांड्याला गुडघे लावून बसला. चंदर बघतच राहिला. मग हसला, खळीसकट.

"बदली तुझी झालीय," स्टार्टर मारत तो म्हणाला, "माझी नाय. मी रोज सातला ह्या नाक्यावर असतोय. आन् आय विचारती, तो भाकरीवाला पोरगा घरी जेवायला कधी येतोय."

जीप सुटली. दोन माणसं घेऊन. चंदरने हात गियरवर नेला, "जरा पाय" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. धम्मपालने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून गियर टाकला.

"मग पुढं?" धम्मपालने विचारलं.

"पुढं वणी. चहा घेऊ, आन् तू शेवट लिही."