गोदावरीतलं बेट

होडीतून उतरताना पायलचा पाय गाळात रुतला. तोल जाताना तिनं जो हात धरला, तो होडी वल्हवणाऱ्या भिवामामांचा नव्हता.

"सावकाश," त्या हाताचा मालक म्हणाला. "घाई केली की गाळ धरून ठेवतो."

"आणि तुम्ही?" ती बोलून गेली... आणि जीभ चावली.

"मी? सांगाल तेव्हा सोडतो."

पायलच्या वडिलांनी, राजानंद सरांनी, यंदा सुट्टीत पोरांना समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. ते काही जमलं नाही, म्हणून सगळे वडीगोद्रीच्या पुढं, गोदाकाठच्या मामांच्या गावी आले. सूरज आणि रूपाली ही तिची दहावी-आठवीतली भावंडं तोंड फुगवून होडीत बसलेली. "चारीकडून पाणी हाय का न्हाई? मंग बेटच हाय ते," मामा म्हणाले होते. तेवीस वर्षांच्या पायलला समुद्र काय अन् नदी काय, सारखंच. सुट्टी संपली की नागपूरच्या स्थळाला होकार कळवायचा होता. मुलगा वाईट नव्हता. त्याच्याबद्दल तिला एवढंच सांगता आलं असतं.

हात धरणाऱ्याचं नाव मिथुन. बेटावर त्याच्या आईची टरबुजाची वाडी होती आणि तोडणीसाठी तो रजा काढून आला होता. एरवी जालन्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. राहायलाही जुन्या जालन्यातच, पायलच्या घरामागच्या गल्लीत.

"मंग आपण कधी दिसलो कसं न्हाई?" तिनं विचारलं.

"तुम्ही कधी हाड मोडून घेतलं न्हाई ना."

दुसऱ्या दिवशी सूरज-रूपालीच बेटावर जायचा हट्ट धरून बसली. मग रोजच जाणं झालं. ती दोघं पाण्यात डुंबायची, टरबुजं वाहायची. आणि पायल खोपीच्या सावलीत बसून मिथुनकडे बघायचं नाही, असं ठरवून बसायची. एकदा त्यानं टरबूज तिच्यापुढं ठेवलं. तिनं टिचकी मारून कान लावला.

"खोल आवाज आला की पिकलं," तो म्हणाला.

"आणि माणसाचं कसं कळतं?"

"माणसाला विचारावं लागतं."

पण विचारलं कुणीच नाही... शेवटच्या संध्याकाळपर्यंत. बेट बघायला आलेले आई-बाबा काठाकडे निघाले होते, मामा होडी लावत होते. पायलनं नागपूरचं सांगून टाकलं. मिथुनच्या हातातला विळा थांबला.

"चांगलाय का?"

"वाईट न्हाई."

"तेवढ्यावर हो म्हणून राह्यलात?"

"दुसऱ्या कुणी काही विचारलंय का मला?" तिचा आवाज चढला, आणि मग भरून आला.

त्यानं विळा खाली ठेवला. "माझी नोकरी कंत्राटी हाय. आई इथं, मी तिथं..."

"आधी विचारा. बाकीचं मंग सांगा."

"पायल... माझ्याशी लग्न करशील?"

ती हसली. ओढणी वाऱ्यावर गेली, ती आवरायचंही तिला सुचलं नाही. "करीन."

होडी नदीच्या मध्यावर आली आणि राजानंद सरांच्या फोनला रेंज आली. लगेच तो वाजायला लागला. नागपूर. सरांनी लेकीकडे पाहिलं.

"काय सांगू, बाळा?"

आई बघत होती, मामांचं वल्हं थांबलं होतं.

"न्हाई सांगा, बाबा."

"कारण?"

रूपालीनं मागं बेटाच्या काठाकडे बोट केलं. "कारण तिकडं उभंय."

मिथुन गुडघाभर पाण्यात उभा होता. जाणाऱ्या होडीकडे बघत होता. फोन वाजून वाजून बंद पडला. सर कितीतरी वेळ काठाकडे बघत राहिले. रागावलेत का, ते पायलला कळेना. आईनं हळूच त्यांच्या दंडाला हात लावला.

"भिवा," सर शेवटी म्हणाले, "होडी वळव."

मामांनी हसू दाबत वल्हं मारलं. बेट पुन्हा जवळ यायला लागलं.

"नाव काय त्याचं?" सरांनी विचारलं.

"मिथुन," पायल म्हणाली. वडिलांसमोर ते नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं, आणि चांगलं मोठ्यानं घेतलं.