अंड्याचा निर्वाळा

डायनासोरचं अंडं विकायला काढायचं म्हणजे आधी नागपूरच्या खुराड्यात हजेरी लावायची, असा त्या काळचा शिरस्ता होता. सरकारी नाव ‘जीवाश्म निर्वाळा केंद्र’ असं चांगलं भारदस्त होतं. पण आवारात तीनशे कोंबड्या पाळलेल्या, त्यामुळे ऑटोवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे त्याला खुराडंच म्हणत. केंद्राच्या प्रमुख डॉ. शर्वरी खानझोडे यांना त्याचा राग येत नसे. उलट नवा माणूस आला की त्याच हसून सांगत, "या, आमच्या खुराड्यात या. कोंबड्याच इथल्या खऱ्या तज्ज्ञ आहेत."

खोट्या अंड्यांचा तेव्हा नुसता सुळसुळाट झाला होता. ‘थरछापा’ नावाचं यंत्र खऱ्या अंड्याची आतूनबाहेरून पाहणी करी आणि कणावर कण रचून हुबेहूब दुसरं अंडं उभं करी. शाई म्हणून जुन्या जीवाश्मांचाच चुरा वापरायचा, म्हणजे वय तपासलं तरी ते साडेसहा कोटी वर्षंच निघणार. पूर्वीचे जाणकार दगडाला जीभ लावून खरंखोटं ओळखत. त्यांनीही हात टेकले. अशा वेळी शर्वरीबाईंनी श्वासरेषा शोधून काढल्या आणि संग्रहालयांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या निर्वाळ्याशिवाय कोणी अंडं विकत घेईना, आणि त्यांनी खोटं म्हटलं की ते खोटंच, त्यावर अपील नाही.

सोनझरीचे वामन उरकुडे आले ते अशाच भरभराटीच्या दिवसांत. चंद्रपूरकडचं हे गाव कोळशाच्या खाणीत जाणार होतं. साठी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यांनी हिरव्या खणात गुंडाळलेलं एक लांबट अंडं टेबलावर ठेवलं आणि ठेवल्याबरोबर आपसूक हात जोडले. अंड्यावर शेंदराची इतकी पुटं चढली होती की मूळचा आकार कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"आमची जोडमाय हाय जी," ते म्हणाले. "नाल्यात दोघी संगंच सापडल्या, येकमेकीले चिपकून. येकीले तुमच्या मोठ्या संग्रहालयानं नेलं. दुसरी माह्या बापानं, लटारूनं, देवळात ठेवली. आता गावच उठून राह्यलं. तं गावानं ठरवलं, हिलेबी तिथंच विकू. दोघी एका जागी राहतीन, आन त्या पैशात नव्या वसाहतीत देऊळ होईन."

शर्वरीबाईंनी मान डोलावली. प्रत्येक विकणाऱ्याजवळ अशी एखादी कहाणी असतेच, आणि जितकी कहाणी गोड तितकं अंडं खोटं, असा त्यांचा अनुभव होता.

"पर तुमाले कळते कसं म्याडम? आतमंदी तं कोणी पाह्यलं नाई."

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा. त्यांनी खिडकीबाहेरच्या कोंबड्यांकडे बोट दाखवलं. "काका, कोंबडीच्या पोटात अंड्याचं कवच तयार व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्या वेळात ती श्वास घेते, पळते, मांजराला घाबरते, उन्हात बसते. त्या प्रत्येक गोष्टीनं कवचाचा थर कुठे जाड पडतो, कुठे बारीक. डोळ्यांना दिसत नाही, पण आमच्या यंत्राला दिसतं. त्याला म्हणायचं श्वासरेषा."

"म्हंजे मायचा सारा दिवस तिच्या अंड्यावर लिवलेला असते?"

"अगदी तसंच. आणि एका कोंबडीचं आजचं आणि उद्याचं अंडं घेतलं, तरी रेषा जुळत नाहीत. कारण दोन दिवस कधी सारखे जात नाहीत. आम्ही इतकी वर्षं कोंबड्या पाळतोय, एकदाही जुळल्या नाहीत. पण थरछाप्यानं नक्कल केली, तर रेषांसकट होते. म्हणून नव्या अंड्याच्या रेषा आमच्याकडे नोंद असलेल्या एखाद्या जुन्या अंड्याशी जुळल्या, की समजायचं, नंतर आलेलं खोटं."

वामनरावांना हे फार पटलं. "आमची तं खरीच निंघंन," ते म्हणाले.

यंत्रासाठी शेंदराचा नखाएवढा भाग खरवडला. थोड्या वेळानं उत्तर आलं. वामनरावांच्या अंड्याच्या श्वासरेषा संग्रहालयातल्या सोनझरीच्याच अंड्याशी तंतोतंत जुळत होत्या. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

शर्वरीबाईंनी ते जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. खोटं अंडं पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून ते मालकादेखत भरड्यात, म्हणजे दगड दळायच्या यंत्रात, घालायचं असा कायदा होता. वामनरावांचा चेहरा उतरला. "खोटी तं खोटी म्याडम, पर वापस द्या. आमी काही इकत नाई आता. इतक्या सालाचा शेंदूर हाय तिच्यावर."

"कायद्यात बसत नाही, काका."

"मंग भरडाच्या आंधी येकडाव तरी दोघीले शेजारी ठेवा जी. तेवढं दर्शन घेऊन जातो."

संग्रहालय रस्त्याच्या पलीकडे होतं. पण त्यासाठी परवानगी, कपाट उघडणं, पहारेकरी, सगळी यातायात. आणि कशासाठी, तर एका नकलेला अस्सलाशेजारी बसवण्यासाठी. शर्वरीबाई नाही म्हणाल्या. नमुन्यापुरती एक कपची काढून ठेवली आणि बाकीचं अंडं भरड्यात गेलं. त्याचा आवाज कोंबडीला दाणे टाकावेत तेवढाच झाला. वामनरावांनी रिकाम्या खणाची घडी केली, खिशात ठेवली आणि नमस्कार करून ते निघून गेले.

नऊ-दहा वर्षं गेली. सोनझरी उठली, खाण आत आत उतरत गेली, आणि एके दिवशी गावाच्या जुन्या देवळाखालच्या खडकात खाणवाल्यांना एक घरटं लागलं. शर्वरीबाई धावत पोचल्या. अंडी खडकात पक्की रुतलेली होती. कोणा थरछाप्याची तिथे मजल जाणं शक्य नव्हतं. आणि सगळी अंडी जोडीजोडीनं होती, एकमेकींना टेकलेली.

शर्वरीबाईंनी प्रत्येक जोडी तपासली. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही अंड्यांच्या श्वासरेषा अगदी एक होत्या.

त्या तिथेच ढिगाऱ्यावर बसल्या. यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं, हेच फार वाईट होतं. पक्ष्यांचं एकच अंडाशय कामाचं राहिलं आहे, त्यामुळे कोंबडीच्या पोटात एका वेळी एकच अंडं. पण डायनासोरांच्या काही जातींत दोन्ही बाजूंची अंडाशयं चालत. दोन अंडी एकाच वेळी, एकाच आईच्या त्याच श्वासांत, त्याच भीतीत तयार होत. हे त्या स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आल्या होत्या! माहिती होती, यंत्र होतं, आणि दोन्हींची गाठ घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. कोंबड्यांच्या नादानं चाललेल्या माणसांची बुद्धी कोंबडीएवढीच राहिली.

दोन अंड्यांच्या श्वासरेषा जुळत नाहीत, हा नियम इतकी वर्षं का मोडला नाही? कारण तो मोडणारं प्रत्येक अंडं त्यांनीच भरड्यात घातलं होतं. केंद्राच्या नोंदींत प्रत्येक अंडं एकटं होतं, आणि त्या नोंदी पाहून पाठ्यपुस्तकात लिहिलं गेलं होतं की इथल्या मादीची अंडी एकेकटीच असत. भरडलेल्यांत बहुतेक नकला असतीलही. पण जुळं कोणतं आणि नक्कल कोणती, हे आता रेषांवरून सांगता येणार नव्हतं.

एक सोपा मार्ग होता. खडकाच्या भारानं प्रत्येक जोडीतल्या एका अंड्याला खळगा पडला होता आणि दुसऱ्याचा फुगवटा त्यात नेमका बसत होता. म्हणजे जुळं असेल तर जोडीदारात चपखल बसणार, आणि नक्कल असेल तर तिलाही तोच खळगा, ती बसणारच नाही. शर्वरीबाई तशाच उठून संग्रहालयात गेल्या. सोनझरीच्या अंड्याला एका कुशीत वाटीसारखा खळगा होता. त्यात बसेल असं काही आता जगात नव्हतं. दोन अंडी शेजारी ठेवून पाहायची, एवढीच परीक्षा होती. वामनरावांनी तेवढंच तर मागितलं होतं.

नव्या वसाहतीत घर शोधायला वेळ लागला नाही. देऊळ कुठे दिसलं नाही. वामनराव ओसरीवर बसले होते, आता पार थकलेले. शर्वरीबाईंनी पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं, खळग्यासकट.

"तुमी खोटी म्हटलं," वामनराव म्हणाले, "तवा गाव म्हणे, मंग खरी कुठं गेली? देवळाची किल्ली लटारूपाशी. थरछापे निंघाले त्याच साली त्यानं घरावर स्लॅब टाकला. त्यानंच इकली आन नक्कल करून ठेवली. मीबी तसंच धरलं जी. सख्ख्या बापाले चोर म्हटलं. तवापासून पितरपाखात त्याचं पान ठेवलं नाई."

शर्वरीबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

"आता सांगा म्याडम. खरी व्हती का?"

"काका, तिला फुगवटा होता का, आठवतं?"

"शेंदरात काय दिसते? मीबी तिले कधी उघडी पाह्यली नाई."

"मग नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "आता कोणालाच नाही. राहिलेली कपची बरोबर आणली आहे, पण तिच्यावरून कळत नाही."

वामनराव उठले. सुनेला हाक मारून म्हणाले, "येक पान वाढ." ती गोंधळली, हे काही पितरांचे दिवस नव्हते. "बाप काही पंधरवड्याची वाट पाहत नसते," ते म्हणाले. घरात होतं ते वरण, भात, भाजी पळसाच्या पानावर वाढून त्यांनी अंगणातल्या ओट्यावर ठेवलं. भिंतीवर एक कावळा येऊन बसला. त्यानं पानाकडे पाहिलं आणि तो बसूनच राहिला.

"मनात राह्यलं असंन तं शिवत नाई," वामनराव म्हणाले. "बोलावं लागते. मी कोन्या तोंडानं बोलू? तुमी बोला. खोटी तुमी म्हटलं व्हतं."

शर्वरीबाई पानासमोर उभ्या राहिल्या. साऱ्या डायनासोरांच्या वंशातले उरलेत ते हे पक्षीच, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "लटारूजी," त्या म्हणाल्या, "तुमचं अंडं खोटं म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता."

कावळा हलला नाही.

"कोर्टातल्यावानी नोका बोलू म्याडम," वामनराव काकुळतीनं म्हणाले. "खरी का खोटी, येक सांगा त्याले."

शर्वरीबाईंनी उभ्या आयुष्यात तपासल्याशिवाय एकही निर्वाळा दिला नव्हता. खिशातल्या कपचीवर त्यांचा हात गेला.

"खरी होती," त्या म्हणाल्या. "तुमची माय खरी होती."

कावळा भिंतीवरून उतरला. पानाभोवती दोन उड्या मारून त्यानं भातात चोच घातली. वामनराव लहान मुलासारखे रडायला लागले. "शिवला! खरीच व्हती म्याडम. माह्या बापानं काही केलं नव्हतं."

कदाचित कावळ्याला नुसती भूकच लागली असेल. पण ते म्हणायचं धाडस शर्वरीबाईंना झालं नाही. वामनरावांना निर्वाळा मिळाला होता. शर्वरीबाईंना स्वतःला तो आता कधीच मिळणार नव्हता.