मधलं अंतर

फिटर आणि त्याची बायको मिळून गॅरेज चालवत. इंजिनं त्याच्याकडे, वेल्डिंग तिच्याकडे आणि कुरबुरी निम्म्या-निम्म्या. त्या आठवड्यात एका नर्सबाईंची गाडी आली होती. गाडी वडिलांची, इंजिन जाम झालेलं. पण भंगारात घालायला बाईंचं मन होईना. दुसऱ्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट तिच्यात बसवायचं ठरलं.

इंजिन बसलं. गिअरबॉक्स मात्र आखूड निघाला, त्यामुळे तिथून मागच्या चाकांकडे जाणारा जुना शाफ्ट पोचेना. फिटरने टेप लावून अंतर मोजलं आणि लेथवाल्याकडून नवा शाफ्ट करवून आणला. तो चार बोटं तोकडा पडला.

"मोजताना लक्ष कुठे होतं?" बायको म्हणाली.

"माप चुकलं असेल तर मिशी उतरवीन," म्हणत तो पुन्हा गाडीखाली शिरला. या वेळी टेपचं दुसरं टोक तिने धरलं. अंतर वाढलं होतं. त्या मापाचा शाफ्ट आणला, तर तो हातभर कमी पडला.

"कार आहे की आगगाडी?" लेथवाल्याने फोनवर विचारलं. फिटरला हसू आलं नाही. त्याने बाहेरून पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं. ते पूर्वी होतं तेवढंच होतं.

पुन्हा गाडीखालून माप घेऊन करवलेला तिसरा शाफ्ट दोघांनी गाडीशेजारी जमिनीवर ठेवला. एक टोक पुढच्या बंपरपाशी होतं. दुसरं मागचा बंपर ओलांडून दारापर्यंत गेलं.

"हा काही मावायचा नाही," ती म्हणाली.

"नाहीच मावायचा. पण लावून तर बघू."

भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. तो पुढून गाडीखाली शिरला, ती मागून. ती ढकलत गेली तसा शाफ्ट आत सरकत गेला, कुठेही न अडता. सरकतच राहिला. मग त्याचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडात खट्कन बसलं.

"आला!" तो ओरडला.

त्याने मान वळवली. शाफ्ट निमुळता होत अंधारात गेला होता आणि त्याच्या पार टोकाला तिच्या टॉर्चचा ठिपका होता. मोहरीएवढा.

स्कूटरचा आवाज आता येत नव्हता.

"अगं, बोल्ट आवळलेस का?"

बऱ्याच वेळाने, विरत विरत आवाज आला, "आवळतेय."

बाहेर आल्यावर दोघंही उकिडवे बसून गाडीखाली बघत राहिले. साधी फरशी, तेलाचा डाग, पलीकडचं चाक. हात घातला तर पोचेल एवढंच सगळं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. गाडी देऊ नये असं फिटरच्या फार मनात होतं, पण सांगणार काय? काम चोख झालं होतं. बाईंनी कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारली.

"लोण्यासारखी चालतेय हो!" त्या खिडकीतून म्हणाल्या, हात हलवला आणि एकट्याच निघून गेल्या.

बायको नळाखाली हात धूत होती. ग्रीस केव्हाच गेलं होतं, तरी ती चोळतच होती.

"अहो, मगाशी तुम्हीच विचारलंत ना?"

"काय?"

"मी शेवटचा बोल्ट लावत होते तेव्हा. अगदी कानाजवळ. 'पुढचं टोक अजून किती लांब आहे?'"

फिटर तर पुढच्या टोकालाच होता. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हो," तो म्हणाला. "मीच."

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. "वाटलंच मला. म्हणून तर म्हटलं, शाफ्ट धरून सरळ जा. पुढे गाडीची सीट आहे, तिथे बसा."