ग्लेन्डाच्या ॲटिकचं सर्टिफिकेट

दोन हजार सतराच्या ऑक्टोबरातली दुपार. कॅनडातल्या किचनर शहरात सकाळपासून बारीक, बोचरा पाऊस लागला होता. ग्लेन्डा डाबरे ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन गाडीतून उतरली, तर तिच्या दारात एक अनोळखी माणूस उभा! बेल न वाजवता, डोळे मिटून, मान वर करून तो छपराखालची हवा हुंगत होता.

ती जागीच थबकली. गेल्या वर्षभरात माणसांवरचा तिचा विश्वास पार उडाला होता.

मागच्या हिवाळ्यात घर उबदार राहावं म्हणून तिने ॲटिकमध्ये, छपराखालच्या माळ्यावर, स्प्रे फोम मारून घेतला. कंत्राटदाराचं मिश्रण बिघडलं आणि घरभर कुजक्या मासळीसारखा उग्र वास पसरला. वसईत वाढलेल्या ग्लेन्डाला मासळीचं वावडं नव्हतं, पण या वासाने डोळे चुरचुरायचे. आईचा, कॅथरिनचा, दमा उसळला. तिला मिल्टन गावी डेस्मंडकडे, ग्लेन्डाच्या भावाकडे, पाठवावं लागलं. मग त्याच कंत्राटदाराने फोम खरवडून काढला आणि घर राहण्याजोगं असल्याचं सर्टिफिकेट पाठवलं. त्यावर तपासणीची तारीख मंगळवारची होती. त्या मंगळवारी ग्लेन्डा तापाने दिवसभर घरातच पडून होती. कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

म्हणून तिने दुसऱ्या, कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या कंपनीला बोलावलं होतं. हा त्यांचाच माणूस. कार्डावर ‘जे. देव’ एवढंच. इंग्रजीत नम्रपणे बोलला, बूट काढले, शिडी लावली, हवेचे नमुने घेणारा छोटा पंप ॲटिकमध्ये ठेवला. ग्लेन्डाने किचनमधून आईला फोन लावला आणि बिनधास्त मराठीत सांगितलं, “हाही तसलाच दिसतोय. फार गोड बोलतो.”

शिडीवरून शांत आवाज आला, “आईंना सांगा, बोलतो मी, पण रिपोर्ट लॅब लिहिते.”

ग्लेन्डाचे कान तापले. माणूस नागपूरचा निघाला. जयदीप.

आठवड्याने तो परत आला तो नकार घेऊनच. घर स्वच्छ असल्याच्या सर्टिफिकेटवर सही करणार नाही म्हणाला. तिला शिडीवर चढवून त्याने फोमच्या जागी घातलेल्या नव्या इन्सुलेशनचा थर उचलून दाखवला. वॉशरूमच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा फोम तसाच चिकटलेला होता.

“म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागणार,” ती म्हणाली.

“यावं लागेल.”

“किती वेळा?”

“या घरात तुमची आई मोकळा श्वास घेईल तोवर...” त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने टॉर्च दुसरीकडे वळवला.

हा मुद्दाम लांबवतोय का? तिच्या मनात शंका आली. त्याहून राग आला तो स्वतःचा — पुढच्या वेळी तो यायच्या आधी तिने केस दोनदा विंचरले तेव्हा.

आणि मग एका शनिवारी, शॉपिंग प्लाझाच्या पार्किंगमध्ये, तो तिला दिसला. कंत्राटदाराच्या व्हॅनपाशी उभा राहून त्याच माणसाच्या हातात काहीतरी कागद देत होता. कंत्राटदाराने कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं. ग्लेन्डा गाडीतच गोठल्यासारखी बसून राहिली.

सोमवारी तिने त्याला फोनवर सरळ विचारलं. तो म्हणाला, उरलेला फोम काढण्याची नोटीस द्यायला गेलो होतो. ते फोन उचलत नव्हते.

“असं तुम्ही म्हणता,” ती म्हणाली.

“हो...” तो म्हणाला. “असं मी म्हणतो.”

त्याच आठवड्यात कंत्राटदाराची माणसं येऊन मुकाट्याने उरलेला फोम काढून गेली. पण शेवटच्या तपासणीला जयदीप आलाच नाही. त्याच्याच कंपनीतल्या, पिकल्या केसांच्या एक गोऱ्या बाई आल्या. त्याने ही फाइल सोडली, एवढंच त्यांनी सांगितलं. ग्लेन्डाच्या मनात आलं, म्हणजे पळाला तर!

सर्टिफिकेट आलं. घर स्वच्छ होतं. तिने तारीख तपासली, सही तपासली, लॅबला फोन करून नमुन्यांचे नंबरसुद्धा पडताळले. सगळं खरं निघालं. तरी जीव स्वस्थ बसेना. तिने बाईंकडून आपल्या घराची सबंध फाइल मागवली.

फाइलमध्ये त्या शनिवारच्या नोटिशीची प्रत होती, खाली कंत्राटदाराची पोचसही. आणि शेवटी जयदीपने स्वतः भरलेला एक छापील फॉर्म. तपासणी करणाऱ्याला घरमालकाविषयी काही वैयक्तिक ओढ आहे का? ‘होय’वर खूण होती. घरमालकाला याची कल्पना आहे का? समोर त्याने नीट अक्षरात लिहिलं होतं — ‘तिला अजून कल्पना नाही. म्हणून या घराच्या कागदावर मी सही करणं बरोबर नाही.’

ग्लेन्डाने ते तीनदा वाचलं. खिडकीबाहेर पावसाचा आता भुरभुर बर्फ झाला होता. तिने फोन लावला.

“तुमच्या फॉर्मवर एक चूक आहे.”

तो गडबडला. “कुठली?”

“‘तिला कल्पना नाही’ असं लिहिलंय.” तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. “कल्पना होती... खात्री नव्हती.”

मग तो हळूच म्हणाला, “आणि आता?”

“आता रविवारी आईला आणायला मिल्टनला जायचंय. तिचं सामान खूप आहे, आणि मला गाडीत एकटीने कंटाळा येतो.” ‘तुम्ही’ ओठांवर आलं होतं, ते तिने तिथेच अडवलं.

“येशील?”