वाळवंटातली सावली

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाही. ज्याला खोटी वाटेल, त्याने खुशाल हसावं. मी स्वतः तिथे होतो.

रात्र नव्हती. मंगळवार, दुपारचे पावणेचार. ऑफिसचा तिसरा मजला, एसीची घरघर, आणि समोर स्क्रीनवर अख्खा एक खंड.

आमचं काम सोपं. उपग्रहाचे फोटो चौकोनांत कापून येतात. कुठे जंगल, कुठे वाळू, ते ओळखून रंग भरायचा. वरून जंगल कोबीच्या गड्ड्यांसारखं दिसतं. वाळवंट म्हणजे चुरगळलेली चादर. आणि दलदल... काळी काच, तिच्यावर शेवाळाचे डाग.

दलदलीचे चौकोन मी करत नसे.

माझा थोरला भाऊ याच कामावर होता. आम्ही भरलेला रंग बरोबर आहे का, हे तो जागेवर जाऊन बघायचा. खांद्यावर तीन पायांचा स्टँड टाकून खंडभर हिंडला. दोन वर्षांपूर्वी त्या दलदलीत उतरला, तो वर आलाच नाही.

महिनाभर शोधलं. हाती काही लागलं नाही.

तर त्या दुपारी मी वाळवंट करत होतो. एका टेकाडाच्या उतारावर काळी रेघ दिसली. मोठी करून बघितली.

माणसाची सावली... खांद्यावर तीन पायांचं काहीतरी.

वरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, सावली तेवढी लांब पडते. पण ठिपका तर हवा ना?

इथे ठिपकाच नव्हता.

"चष्मिष, इकडे ये जरा."

शेजारच्या टेबलावरचा मित्र वाकला. एरवी याच्या तोंडाला कुलूप घालावं लागतं. आज चष्मा पुसून पुन्हा बघत राहिला.

"झुडूप असेल रे," शेवटी म्हणाला. "आठवड्यानंतरचा फोटो काढ."

काढला. सावली तिथेच.

तेवढ्यात मागच्या पॅसेजमधून आवाज आला.

चप्प... चप्प...

ओल्या बुटांनी कुणी चालावं तसा.

"नळ उघडा राहिला असेल," चष्मिष म्हणाला.

बंद करायला मात्र उठला नाही. मीही नाही.

संध्याकाळी वहिनीला फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला.

"भावजी, हेच आहेत."

"वहिनी, दलदल तिथून दोन हजार किलोमीटरवर आहे गं."

"अंतर नका सांगू मला. ते उभे आहेत ना? मग जा, घेऊन या."

त्या भागात तपासणीला पथक जाणार होतं. साहेबांच्या हातापाया पडून मी त्यात नाव घातलं. चौथ्या दिवशी त्या उतारावर पोचलो.

सावली नव्हती.

हातभर वाळू उकरली, तर स्टँड लागला. त्याच्याखाली दादा.

"दोन वर्षं तरी झाली असतील," पथकातले डॉक्टर म्हणाले.

बूट मी काढले.

आत चिखल होता. काळा, शेवाळाचा. आणि ओला...

"इथे पाऊस कधी पडला होता?" डॉक्टरांनी वाटाड्याला विचारलं.

"माझ्या जन्मात तरी नाही, साहेब."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. "हे मी लिहू कसं?"

दादाला घरी आणलं. शेवटचं सगळं नीट केलं. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा पोटभर रडली. मला वाटलं, सुटलो.

गेल्या सोमवारी त्या वाळवंटाचे नवे फोटो आले. बघायचे नाहीत असं ठरवलं होतं.

बघितले.

सावली तिथेच आहे. स्टँडवाली. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून... दुसरी. जरा बुटकी, बारीक.

ठिपका एकाचाही नाही.

आमच्या घरातलं कुणी हरवलेलं नाही. तरी तेव्हापासून ऑफिसला पोचलो, की आधी घरच्या एकेकाला फोन लावतो. "काय काम होतं?" असं विचारतात. "काही नाही, सहज," म्हणतो.

आज वहिनीचा फोन वाजतच राहिला. उचलला, पण उशिरा.

"कुठे आहेस गं?"

"कुठे असणार? घरीच."

मागून वारा ऐकू येत होता. उघड्या माळावर सुटतो तसा, मोठा... मोठा...

आमचं दोन खोल्यांचं घर. खिडक्या मी निघताना स्वतः लावल्या होत्या.

अर्धी रजा टाकली आणि निघालो. हे बसमध्ये बसून लिहितोय. मघापासून ती फोन उचलत नाहीये.

अजून चार स्टॉप आहेत.