डॉ. वझलवारांचं शून्य

सुगतच्या कपाळावरची क्षोभमापकाची पट्टी काढताना परिचारकाला दोनदा चावा चुकवावा लागला. पडद्यावर आकडा उमटला : एकोणनव्वद. साठच्या वर लाल.

"झालं समाधान?" डॉ. वझलवारांनी विचारलं.

मृण्मयी खोब्रागडेने कपाळ चोळलं. सकाळी या इमारतीत पाऊल टाकल्यापासून तिचं डोकं ठणकत होतं. काचेपलीकडे तिचा भाऊ पुन्हा भिंतीतल्या हवेच्या जाळीवर मुठी आपटू लागला होता. सव्वीस वर्षांचा सुगत एका दुर्मीळ जनुकीय दोषासह जन्मला होता. घरी तो हट्टी होता, चिडका होता. पण स्वतःची मनगटं चावत नव्हता. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिने त्याला चंद्रपूरच्या या निवासात ठेवलं. कोळशाच्या धुळीमुळे निवासाची दारं-खिडक्या कायमची बंद होती आणि आत हवा शुद्ध करणारे पंखे अहोरात्र चालत.

आज संध्याकाळी सुगतच्या मेंदूत शामक-रोप बसणार होतं. मटाराएवढी चकती. एकदा बसली की निघत नाही. राग जातो, त्याच्याबरोबर हसणं, हट्ट, गुणगुणणं, सगळंच जातं.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

"हरकतीला आधार लागतो, मॅडम. तुम्ही नागपूरला मीटर तपासता, माणसं नाही."

"आणि तुम्ही माणसं तपासता की गप्प बसवता?"

वझलवारांचा जबडा आवळला. "सोपं करून सांगतो. इथल्या कर्मचाऱ्यांना हीच हवा, हाच उजेड, हेच जेवण. त्यांचे आकडे शून्याच्या आसपास. तुमच्या भावाचा एकोणनव्वद. परिसर एकच, तरी फरक आहे. म्हणजे तो फरक जनुकाचा. जनुक बदलता येत नाही, म्हणून रोप."

"शून्य कुणाचं?"

"म्हणजे?"

"यंत्राला शांत माणूस कसा असतो हे कुणाच्या डोक्यावरून शिकवलं?"

"माझ्या," वझलवार म्हणाले. "याच खोलीत. निवास सुरू झाला त्या वर्षी."

बाहेर बोळात दोन परिचारिका चादरींवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्यांच्यावर खेकसायला एक तिसरा आवाज धावून आला. मृण्मयी ऐकत राहिली. सकाळपासून या इमारतीत तिच्याशी कुणी एक वाक्यही सरळ बोललं नव्हतं. तीही कुणाशी बोलली नव्हती.

"डॉक्टर, तराजू डगमगत्या टेबलावर ठेवून काटा शून्यावर आणला, तर टेबल डगमगतं हे तो तराजू कधीच सांगणार नाही. शून्य बाहेरून घ्या."

"आता बाहेरून कुणाला पकडून आणू? फाटकावरच्या रिक्षावाल्याला?"

"चालेल."

रिक्षावाला मुनीर शेख सकाळी तिला स्टेशनवरून घेऊन आला होता आणि परतीच्या भाड्यासाठी कडुलिंबाखाली थांबला होता. वझलवार यंत्र घेऊन फाटकापर्यंत आले ते केवळ हिचं तोंड एकदाचं बंद करायला.

"करंट तर नाही ना मारत हे?" पट्टी बघून मुनीर म्हणाला. "घरी बायको मारतेच."

यंत्राने त्याच्यावरून नवं शून्य घेतलं. आत येऊन सुगतला पुन्हा पट्टी लावली. एकशे छप्पन्न.

"घ्या!" वझलवार हसले. "वाढलाच की!"

"सदुसष्टने वाढला. आता तुम्ही लावा."

"माझा काय संबंध?"

"तुमचाच नियम आहे. रोपाच्या आदेशावर सही करणाऱ्याने आणि हरकत घेणाऱ्या पालकाने आधी पट्टी लावायची. रागाच्या भरात कुणाच्या मेंदूचा निर्णय होऊ नये म्हणून. ज्याचा आकडा लाल, त्याचा शब्द बाद."

त्यांनी पट्टी हिसकावून घेतली आणि लावली. पडद्यावर सदुसष्ट आलं. लाल.

मग वझलवारांनी पट्टी तिच्यापुढे आदळली. "लावा तुम्हीही!"

त्रेसष्ट.

"तुमची हरकतही बाद," ते ओरडले.

"बाद तर बाद! पण मी सकाळीच आले आहे. तुमचा सदुसष्ट किती वर्षांचा आहे?" तीही ओरडतच होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. "तुमच्याच अहवालात लिहिलंय, या दोषात कान अतिखालचे स्वर पकडतात. आपल्याला जे ऐकू येत नाही, नुसतं अंगात मुरतं, ते त्याला ऐकू येतं. तो भिंत फोडत नाही, दार फोडत नाही. तीन वर्षं एकच जाळी फोडतोय. तिच्यामागे काय आहे?"

"पंखे."

"मग बंद करा ते."

"करतो! म्हणजे हा तमाशा संपेल." वझलवारांनी रागारागात भिंतीवरची मुख्य कळ खाली ओढली.

आवाज थांबल्याचं जाणवलं नाही. आवाज होता हेच कुणाला माहीत नव्हतं. आधी बोळातलं भांडण अर्ध्या वाक्यात विरलं. परिचारिकांपैकी एक म्हणाली, "जाऊ दे गं, घे तूच." मग सुगतची मूठ जाळीपाशी थांबली. त्याने जाळीला कान लावला. बराच वेळ. नंतर तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि चावलेल्या मनगटावरचं बँडेज नखाने सोलू लागला, तोंडाने हळूच काहीतरी गुणगुणत.

चहाचा कप निवायला लागतो तेवढ्या वेळाने पुन्हा मोजणी झाली. सुगत एकतीस. मृण्मयी नऊ. डॉ. वझलवार बारा, हिरवा.

आता त्यांची सही ग्राह्य होती. आदेश समोर होता. त्यांनी तो वाचला, सुगतचा आकडा पाहिला आणि पेनाला टोपण लावलं.

"तुमची हरकत मान्य," ते म्हणाले. इतक्या सौम्य आवाजात, की तो त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला असावा.

मग त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. तिथे त्यांच्या सहीचे रोपाचे जुने आदेश होते.

"खाली किती जण आहेत?" मृण्मयीने विचारलं.

ते उठले. ती मागोमाग जिना उतरली. रोप बसवलेल्यांच्या दालनात सगळे आपापल्या खाटांवर बसून होते, हात मांडीवर. पंखे बंद झाल्याचं तिथे कुणालाच कळलं नव्हतं. तिथे शांतता आधीपासूनच होती.