ओळ क्रमांक दोनशे चौदा

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या भावासोबत, हाझिमसोबत. अलेक्झांड्रियात, सीदी गाबेर भागातल्या ऑफिसात, गेल्या रमजानच्या अकराव्या रोज्याला. ज्याला थापा वाटत असतील त्याने इथूनच परत फिरावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही. आधीच माझं डोकं फिरलेलं आहे.

मगरिबच्या अजानला वीस मिनिटं होती. रोजा सोडायला सगळे घरी पळालेले. सातव्या मजल्यावर हाझिम एकटा. सकाळपासून पाणी नाही, सिगारेट नाही, आणि समोर एक अहवाल.

त्यात फक्त दोषी माणसाचं एक नाव भरायचं होतं.

हाझिमची कंपनी लिफ्टसाठी प्रोग्रॅम लिहायची. आत अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की बाहेर फोनवर निरोप जायला हवा. महिन्यापूर्वी क्लिओपात्रा भागातल्या एका नव्या इमारतीत हाजी बय्यूमी अडकले. त्यांच्याशिवाय राहायला आलेली दोनच घरं, तीही गावाला गेलेली, रखवालदार सुट्टीवर. पाच तास म्हातारा आत होता. निरोप गेलाच नाही. दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

तो प्रोग्रॅम नर्मीनने लिहिलेला. आणि नर्मीन त्याच्याही आधी, हिवाळ्यात, तापाने वारली होती.

फोन वाजला. शुक्री बे, म्हणजे शुक्रीसाहेब, कंपनीचा मालक.

"काय रे, झालं का? नर्मीनचं नाव टाक आणि मोकळा हो."

"हाजींची मुलं तिच्या आईच्या दारात जाऊन उभी राहतील, बे. म्हातारी एकटी असते."

"मग काय तुझ्या दारात पाठवू? मेलेल्या माणसाचं काय बिघडतंय? अजानच्या आत पाठव."

हाझिमने फोन आदळला. शुक्रीचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त राग नर्मीनचा. चुका शोधायला मोठमोठी साधनं असताना या बाईने स्वतःचं एक चिमुकलं साधन बनवलेलं. कुठल्याही कामाच्या आधी 'न' एवढं एकच अक्षर लिहायचं. ते काम झालं की वेळ, ओळीचा आकडा आणि काय झालं ते एका फाइलमध्ये छापलं जायचं. सगळ्या प्रोग्रॅमभर तिचे 'न' सांडलेले. ती गेल्यावर ते सगळे हाझिमनेच झाडून काढले. साधनही प्रत्येक संगणकावरून पुसून टाकलं.

"मेलीस तरी तुझी घाण मीच निस्तरायची का गं?" तो रिकाम्या खोलीत ओरडला.

आणि त्याने नाव टाइप केलं. नर्मीन.

तेवढ्यात... पडद्याच्या कोपऱ्यात एक फाइल उघडली.

*क्लिओपात्रा. ओळ २१४. ११:४०. निरोप गेला नाही.*

त्याने ती बंद केली.

ती परत उघडली...

*ओळ २१४. ११:४१. निरोप गेला नाही.*

*ओळ २१४. ११:४१. निरोप गेला नाही.*

"कुणाला मस्ती आलीय रे?" हाझिम उठून सगळ्या खोल्या बघून आला. कुणी नाही. खाली रस्त्यावर एक हॉर्न नाही, एक माणूस नाही.

परत येऊन त्याने प्रोग्रॅम उघडला. तो एकशे नव्वदाव्या ओळीलाच संपत होता.

दोनशे चौदावी ओळ... नव्हतीच.

त्याने क्लिओपात्रातल्या त्या इमारतीच्या रखवालदाराला, इद्रीसचाचाला, फोन लावला.

"चाचा, लिफ्ट कुणी चालू केली?"

"कुणी करणार? हाजी गेले त्या दिवसापासून वीज तोडलीय, दाराला कुलूप आहे. मी त्याच्यासमोरच बसलोय, खजूर हातात घेऊन." मग चाचा कुजबुजला. "बाशमुहंदिस, इंजिनियरसाहेब... आत कुणीतरी बटण दाबतंय."

फोन कटला.

ओळी आता धावत होत्या. बारा. साडेबारा. एक. आधी भराभर, मग थांबून थांबून. मग बराच वेळ काही नाही... आणि पुन्हा एक.

हाझिमला तेव्हा कळलं. एक ओळ म्हणजे म्हाताऱ्याने एकदा दाबलेलं बटण.

"माझ्यावर कशाला उठलात?" तो किंचाळला. "तिने लिहिलंय ते! तिला विचारा!"

ओळी थांबल्या.

मग एकच आली. वेळ नाही, काही नाही.

*ओळ २१४.*

त्याने प्रोग्रॅमची जुनी प्रत काढली, नर्मीनच्या हातची. दोनशे चौदाव्या ओळीवर तिचं 'न' होतं. आणि त्याच ओळीत, त्या अक्षरापुढे... निरोप पाठवायचं काम.

हाझिमने अक्षर काढलं नव्हतं. 'न' असलेल्या ओळीच्या ओळी, एका हुकमात, न बघता उडवल्या होत्या. निरोप पाठवणंही त्यातच गेलं. नंतर चाचणीसुद्धा घेतली नाही मूर्खाने!

त्या ओळी उडवल्याची तारीख होती नर्मीनच्या चाळिसाव्याची. सगळं ऑफिस तिच्या आईकडे फातिहा पढायला गेलं होतं. हा गेला नाही. "एवढा कचरा मागे ठेवून गेली, तो कोण काढणार?" असं म्हणून रागारागाने इथेच बसला होता.

अजान झाली.

हाझिमने नर्मीनचं नाव खोडलं. तिथे स्वतःचं लिहिलं. अहवाल पाठवला.

फाइलमध्ये शेवटची ओळ आली...

*ओळ २१४. ६:१४. निरोप गेला.*

आणि फाइल नाहीशी झाली. संगणक उलटापालटा करून शोधली, मिळाली नाही.

त्याची नोकरी गेली. हाजींची मुलं आमच्या दारात आली, नको नको ते बोलली, आम्ही मान खाली घालून ऐकलं. हाझिम आता घराचे पाच मजले पायीच चढतो. इद्रीसचाचा सांगतो, त्या लिफ्टचं लाल बटण त्या संध्याकाळपासून आत दबलेलंच आहे. काही केल्या बाहेर येत नाही.

लोक म्हणतात, तुझा भाऊ खरा माणूस, मेलेल्या पोरीचं नाव वाचवलं त्याने.

ऐकलं की माझं पित्त खवळतं. एकदा जेवताना मी त्याला तोंडावर विचारलं, "त्या ओळी आल्या नसत्या तर, हाझिम? तर कुणाचं नाव गेलं असतं?"

तो ताट सारून उठला.

आज वर्ष होत आलं. अजून त्याने उत्तर दिलेलं नाही.